ऐंशी पैशांची दुपार

शेगावात सकाळी नऊला वीज स्वस्त होते आणि संध्याकाळी पाचला पुन्हा मूळ भावावर येते. पंखा आधी फिरत होता तसाच फिरतो, त्यामुळे घरात कुणाला काही कळत नाही. कळतं ते भिंतीवरच्या नव्या मीटरला. महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराची वेळही नोंदवणारा) मीटर आहे, त्यांना 1 जुलै 2025 पासून नऊ ते पाच या आठ तासांत वापरलेल्या युनिटमागे 80 पैसे सूट मिळू लागली. ती टप्प्याटप्प्यानं वाढत 2029-30 मध्ये रुपयावर जाईल, असं तेव्हा ठरलं. उद्योगांना संध्याकाळच्या वापरावर जादा आकार भरावा लागतो. घरांना तसा दंड नाही, फक्त दिवसाचं बक्षीस आहे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वेळ’ हा विषय दिला, तेव्हा मला हे बक्षीस आठवलं. वेळेला इतका रोखठोक भाव दुसरीकडे कुठे लागतो? आणि तो पाहायला मुंबई-पुण्यापेक्षा शेगाव बरं, असं वाटलं. रेल्वेनं अकोल्याकडे निघालं की नागझरीनंतर पारस येतं. तिथल्या औष्णिक केंद्राचे अडीचशे मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. गावाभोवती कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची शेती आहे. मध्ये हे गाव आहे, आणि त्याचा दिनक्रम मंदिर, रेल्वे, नळ आणि ऊन हे चौघं मिळून ठरवतात. आता त्यात पाचवा आला आहे, मीटर.

मंदिरामागच्या एका गल्लीत दुपारी एका काकूंच्या ओसरीवर बसून मी त्यांचं बिल वाचलं. एकूण वापर 120 युनिटच्या आसपास. त्यांना ती सूट दाखवली. रक्कम तीस-पस्तीस रुपयांच्या घरातली होती. काकूंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे कायचे? मी तर काहीच केलं नाही.”

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. फ्रिज चोवीस तास चालतो, त्यातले आठ तास सवलतीचे. काकू घरातच असतात, म्हणून पंखा दुपारी चालतो. कपडे त्या पूर्वीपासून अकराच्या सुमाराला धुतात, कारण ऊन तेव्हाच असतं. एकही काम न सरकवता त्यांना बक्षीस मिळालं होतं. समोरच्या घरातलं जोडपं सकाळी खामगावला कामावर जातं आणि दिवेलागणीला परततं. वीज जपून वापरणारं घर ते, पण त्यांच्या वाट्याला फक्त फ्रिजचे पैसे.

दुपार स्वस्त का झाली

ज्यांना दालमिल, जिनिंग किंवा कुठलाही कारखाना ठाऊक आहे, त्यांना वेळेनुसार वीजदर नवा नाही. कारखान्यांसाठी महाराष्ट्रात ही पद्धत फार जुनी आहे. परवापरवापर्यंत रात्री दहा ते सकाळी सहा हा स्वस्त काळ होता. युनिटमागे दीड रुपया सूट मिळे. सकाळी नऊ ते बारा 80 पैसे आणि संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा पडत. म्हणून मालक रात्रपाळी लावत आणि मजूर रात्र जागत. कोळशाचे संच रात्री बंद करता येत नाहीत, मागणी मात्र झोपलेली असते, तेव्हा ती वीज कुणीतरी वापरावी म्हणून ही सवलत होती.

आता स्वस्त काळ मध्यरात्रीतून उठून भर दुपारी आला आहे. ज्या नऊ ते बाराला काल दंड होता, त्याच वेळेला आज सूट आहे. कारण सौरऊर्जा. सौर पॅनेलला इंधनाचा खर्च नाही, पण त्याची वेळही आपल्या हातात नाही. दुपारी सगळीकडची पॅनेलं एकदम पूर्ण जोरात असतात, आणि दिवे लागायच्या वेळी सगळी एकदम बसतात. वीज बाजारात दुपारचा भाव कधीकधी दोन-तीन रुपयांच्याही खाली उतरतो. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तोच युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. ही मर्यादा केंद्रीय वीज नियामक आयोगानं 2023 मध्ये घातली, नाहीतर भाव कुठे थांबला असता सांगता येत नाही.

दुपार आणि संध्याकाळ यांमधला ताण पारससारख्या केंद्रांवर पडतो. दुपारी सौरऊर्जेला वाट करून द्यायला कोळशाच्या संचांनी खाली उतरायचं आणि पाचनंतर झपाट्यानं वर चढायचं. क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत खाली येता आलं पाहिजे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2023चा नियम आहे. बॉयलरला हे मानवत नाही. धातू तापतो, निवतो, पुन्हा तापतो, आणि नळ्यांचं आयुष्य घटतं. संध्याकाळची खिंड लढवायला राज्याकडे कोयना आहे, 1960 मेगावॅटची. तिची जनित्रं काही मिनिटांत सुरू करता येतात. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादानं 67.5 टीएमसीची वार्षिक मर्यादा घातली आहे. ते पाणी ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातली माणसं तोलूनमापून वापरतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवर घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. त्यात स्वस्त वेळी पाणी वर चढवायचं आणि महाग वेळी खाली सोडायचं. पूर्वी चढवण्याची स्वस्त वेळ रात्रीची होती.

एक गैरसमज इथेच बाजूला ठेवू. मागणीचा आकडा सर्वांत मोठा असतो तो क्षण आणि वीज सर्वांत महाग पडते तो क्षण, हे आता एकच राहिलेले नाहीत. रब्बीच्या दिवसांत शेतपंप चालू असताना राज्याची मागणी दुपारीच शिखर गाठू शकते. पण ते शिखर ऊन पेलून धरतं. अडचण संध्याकाळी येते. तेव्हा मागणी थोडीच उतरलेली असते आणि सूर्य पूर्ण उतरलेला असतो.

गावाचं घड्याळ

मग शेगावच्या घरांनी काय सरकवावं?

पहिलं उत्तर सगळे देतात, पाण्याची मोटर. पण इथला नळ महावितरणला विचारून येत नाही. पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे नळाच्या पाण्याची वाट पाहायची. ज्या दिवशी, ज्या वेळी आपल्या भागात पाणी सुटेल, त्या वेळी गल्लीतल्या सगळ्या टुल्लू मोटरी एकदम घरघरतात. पहाटे सुटलं तर पहाटे, संध्याकाळी सुटलं तर संध्याकाळी. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरला तासाला जेमतेम अर्धं युनिटही लागत नाही. तिच्यासाठी 35 पैशांची सूट आणि हुकलेल्या नळासाठी टँकर, यात निवड करायला कुणाला वेळ लागत नाही. नगरपालिकेनं पाणी सोडण्याची वेळ दुपारवर नेली, तर शेकडो मोटरी एका आदेशात सरकतील. वीज कंपनी आणि पाणीपुरवठा विभाग एका टेबलाशी बसलेले मात्र मी कुठल्याच गावात पाहिलेले नाहीत.

दुसरं उत्तर कूलर. पश्चिम विदर्भात मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारी बारा ते पाच कूलर चालतो, म्हणजे आपोआप सवलतीच्या वेळेत. दोनशे वॉटचा कूलर पाच तास चालला तर एक युनिट होतं, म्हणजे दिवसाला 80 पैसे वाचतात. पण इथल्या घरांच्या स्लॅबच्या छताला दिवसभर शोषलेली उष्णता बाहेर टाकायला मध्यरात्र उजाडते. त्यामुळे रात्रीचा कूलर दुपारच्या कूलरपेक्षा जास्त तास चालतो. भिंतींना पांढरा चुना आणि गच्चीवर ओलं गोणपाट हे जुने उपाय संध्याकाळची मागणी खरोखर कमी करतात, पण त्यांना बक्षीस द्यायला मीटरकडे रकाना नाही.

गुरुवारी गावाचं रूप वेगळं असतं. गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक पहाटेच्या गाड्यांनी उतरतात, आणि लॉजवाल्यांचे गिझर तेव्हापासून तापायला लागतात. प्रगटदिनाला, ऋषिपंचमीला, रामनवमीला तर विचारायलाच नको. एका लॉजमालकाला मी दुपारच्या स्वस्त विजेबद्दल विचारलं. (त्यांची जोडणी व्यावसायिक, त्यांचा दर वेगळा, पण वेळेचं कोडं तेच.) ते हसले. म्हणाले, “भाऊ, दर्शनाले आलेल्या माणसाले दुपारी दोनले आंघोळ कर म्हणू काय?” मग स्वतःच गच्चीवर घेऊन गेले आणि पाणी तापवणारी सौर टाकी दाखवली. दुपारचं ऊन पहाटेपर्यंत साठवायचं साधन त्यांच्याकडे आधीपासून होतं. त्यासाठी त्यांना टीओडीची गरज पडली नव्हती.

स्टेशनाजवळच्या कचोरीच्या कारखान्यात तळणं गॅसवर चालतं. विजेवर फक्त मैदा मळणं आणि डाळ वाटणं. सारण सकाळी तयार होतं, कारण कचोरी दिवसभर विकायची असते. इथला विजेचा वापर लोकांच्या भुकेवर अवलंबून आहे, आणि भूक ऐंशी पैशांना वेळ बदलत नाही.

मग सरकण्याजोगं उरतं काय? धुणं, इस्त्री, मिक्सरचं कोरडं दळण, इन्व्हर्टरची बॅटरी भरणं, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची विजेवरची दुचाकी. इस्त्रीचा अर्धा तास म्हणजे अर्धं युनिट, 40 पैसे. गाडी मात्र खरोखर सरकवण्याजोगी आहे, पण ती दिवसा मालकासोबत बाहेर असते. दुपारी चार्ज व्हायची तर दुकानापुढे, बँकेच्या किंवा कॉलेजच्या आवारात सोय हवी. सूट घराच्या मीटरवर मिळते आणि गाडी भलतीकडेच उभी असते.

शेताची वेळ कशी बदलली

गावाबाहेर पडलं की दिसतं, विजेची वेळ सरकवण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयोग घरांत झालेलाच नाही, शेतात झाला. आणि त्यात बक्षीस नव्हतं.

वर्षानुवर्षं शेतपंपांना आठवड्याच्या आलटापालटीनं काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री-फेज वीज मिळायची. हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत रात्री दोनला उठून शेतात जायचं, विजेरीच्या उजेडात बांध धरायचा, आणि साप-विंचवाची धास्ती उराशी. कारखान्यांना, शहरांना दिवसाची वीज मिळावी म्हणून शेतकऱ्याची मागणी रात्रीत ढकलली गेली होती. शेतकऱ्याला त्याबद्दल कुणी 80 पैसे दिले नाहीत. फीडर (शेताला वीज देणारी वाहिनी) बंद-चालू झाला, की त्याची वेळ बदलली.

आता तीच मागणी उलट दुपारी आणली जाते आहे. 2023 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या भागातल्या शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, अशी तिची रचना. 2024 मध्ये त्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतपंपांचं बिल सरकार भरतं, म्हणून तिथे भावाचा इशारा चालूच शकत नाही. वायर कधी जिवंत ठेवायची, एवढाच इशारा उरतो. सौर फीडर झालेल्या गावात शेतकऱ्याला विचारा, रात्री घरी झोपायला मिळणं हेच त्याला पुरेसं बक्षीस वाटतं.

गावानं गावावर ठेवलेली नजर

घरांनी संध्याकाळची वीज वाचवावी आणि त्याचा मोबदला घ्यावा, ही कल्पना महाराष्ट्राला 2025 मध्ये प्रथम सुचली असं मानणाऱ्यांनी अक्षय प्रकाश योजना आठवावी. 2005 चा काळ. राज्यात विजेची तूट हजारो मेगावॅटची, आणि ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन. पोरांचा अभ्यास कंदिलावर, आणि संध्याकाळचा स्वयंपाक अंधारात.

तेव्हा गावांपुढे एक सौदा ठेवला गेला. संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत शेतातल्या मोटरी, चक्क्या, हीटर, विजेच्या शेगड्या असं जड काही चालवायचं नाही. दिवे, पंखे, टीव्ही चालतील. गावानं हे पाळलं, तर त्या वेळचं भारनियमन त्या गावाला लागणार नाही. गावांनी ग्रामसभेत ठराव केले, समित्या नेमल्या, आणि राज्यातली हजारो गावं या योजनेत आली.

हे चाललं कसं, ते त्या काळी खांबावर चढलेल्या एका निवृत्त लाइनमननं समजावलं. एकानं जरी चोरून मोटर सुरू केली, तरी डीपीवर, म्हणजे गावच्या रोहित्रावर, ताण येऊन सगळ्या गावाचे दिवे पिवळे पडत. सिंगल फेजवर कपॅसिटर लावून थ्री-फेज मोटर पळवण्याची करामत अनेकांना येत होती. त्यात डीपी जळायची, आणि जळाली की आठवडा-आठवडा अख्खं गाव अंधारात. म्हणजे चोरी कळायला साहेब यायची गरज नव्हती, दिव्याचा रंग सांगायचा. “मंग लोकच जात शेतात,” तो म्हणाला, “अन् ज्याची मोटर सापडली त्याले चारचौघात बोलत.”

पुढे गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाले आणि ही तडजोड मागे पडली. दोन्ही योजना शेजारी ठेवल्या की मला फरक दिसतो तो असा. तेव्हाचं बक्षीस त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत मिळत होतं, आणि गावाला एकत्र मिळत होतं. आताचं बक्षीस महिन्यानं, बिलाच्या एका ओळीत, एकट्याला मिळतं. तेव्हाची सक्ती शेजाऱ्यांची होती, तिच्यात थोडी दंडेलीही असणार. गरिबाची एकुलती शेगडी आणि बागायतदाराची मोटर यांना एकाच तराजूत घालणारा तो सौदा होता, हेही विसरायला नको.

दूरच्या गावांतली उदाहरणं

कॅलिफोर्नियात 6 सप्टेंबर 2022 ला उष्णतेच्या लाटेत मागणी 52 हजार मेगावॅटच्या वर गेली. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला सरकारनं लोकांच्या फोनवर एक संदेश पाठवला, गरज नसेल ते बंद करा. पाऊणएक तासात हजारभर मेगावॅटहून अधिक भार उतरला आणि ब्लॅकआउट टळला. त्या संदेशात पैशांचं आमिष नव्हतं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ब्रिटननं उलटा मार्ग धरला. ठरलेल्या तासा-दोन तासांत वापर कमी करणाऱ्यांना चांगले पैसे दिले. सोळा लाख घरं आणि व्यवसाय त्यात आले, आणि हिवाळाभरात 3,300 मेगावॅट-तासांहून अधिक वीज बाजूला झाली. त्या योजनेतली खुबी रोज बक्षीस न देण्यात होती. ‘उद्या संध्याकाळी पाच ते सहा’ एवढंच सांगायचं. माणूस रोज शिस्त पाळत नाही, पण एखादी संध्याकाळ हौसेनं पाळतो. आपल्याकडे एकादशीला जेवढी माणसं उपाशी राहतात, तेवढी रोज मितभोजन करत नाहीत.

फ्रान्समध्ये तर रात्रीच्या स्वस्त विजेची सवय दोन पिढ्या मुरलेली आहे. तिथेही नोव्हेंबर 2025 पासून स्वस्त तासांतले काही दुपारवर आणायला सुरुवात झाली. सूर्य सगळीकडे एकच आहे.

शंभराव्या युनिटचा उंबरठा

काकूंच्या ओसरीवर परतून मी त्यांच्याच बिलावर हिशेब मांडला. त्यांनी इस्त्री, मिक्सर, जे सरकेल ते सगळं दुपारी नेलं, तरी महिन्याला दहाएक युनिट सरकतील. म्हणजे आठ रुपये. आता दुसरा हिशेब. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा स्वस्त आहे. शंभराच्या पुढच्या युनिटचा ऊर्जा आकार त्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यांनी जुना पंखा बदलून किंवा फ्रिजचं रबर नीट करून महिन्याला तीच दहा युनिटं मुळातच वाचवली, तर शंभराच्या आसपास पैसे वाचतात. वेळ बदलण्यापेक्षा वापर कमी करण्याला बारापट मोल.

हे दराच्या रचनेतलं शहाणपण आहे की विसंगती, यावर तज्ज्ञ भांडू शकतात. मला ते ग्राहकाच्या बाजूनं ठीक वाटतं. पण मग ‘दुपारी वापरा आणि बचत करा’ अशी जाहिरात छोट्या घरांपुढे करण्यात अर्थ नाही. काहींनी ती ऐकून दुपारी जास्त वापर केला, तर टप्पा ओलांडून सूट गिळली जाईल. खरा फायदा ज्यांच्याकडे एसी, मोठा गिझर, गाडी आहे त्यांचा. आणि विजेच्या यंत्रणेलाही हवी आहे ती त्यांचीच संध्याकाळ, काकूंची इस्त्री नव्हे. मुंबईत टाटा पॉवरनं ठरावीक वेळी भार कमी करण्याचा कार्यक्रम आखला, तेव्हा घरांबरोबरच मोठ्या व्यावसायिक ग्राहकांनाही सोबत घेतलं.

शिवाय मीटरचंच भांडण मिटलेलं नाही. जुन्या मीटरला फक्त एकूण बेरीज येते. कोणतं युनिट दुपारचं आणि कोणतं रात्रीचं, हे त्याला सांगता येत नाही, म्हणून ही सूट नव्या मीटरशी बांधलेली आहे. 2024 मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरला राज्यभर विरोध झाला. सामान्य ग्राहकाला ते सक्तीनं बसवणार नाही, असं सरकारला सांगावं लागलं. त्यानंतर बिल नंतर भरायचे टीओडी मीटर आले. गल्लीत काही घरांवर ते आहेत, काहींवर नाहीत, आणि ज्यांच्यावर आहेत त्यांतल्या पुष्कळांना मीटर जोरात पळतो अशी शंका आहे. संशय असलेल्या यंत्रानं दिलेलं बक्षीस लोक मोजत नाहीत. बिल वाढलं तर मीटरमुळे, आणि सूट मिळाली तर ती दिसत नाही. ती ओळ ठळक छापणं, आणि मोबाइलवर ‘काल दुपारी तुम्ही इतकी युनिटं वापरलीत’ एवढं मराठीत कळवणं, याला कुठल्या आदेशाची वाट पाहायला नको.

उठताना मी काकूंना विचारलं, आता नऊ ते पाच लक्षात ठेवाल ना? त्या म्हणाल्या, ठेवीन. मग थोडं थांबून त्यांनी मे महिन्याची आठवण काढली. पावसाळ्यापूर्वीची देखभाल निघाली की झाडांच्या फांद्या तोडायला, तारा ओढायला लाइन बंद ठेवतात. ती दिवसाच, सकाळी दहापासून दुपारपर्यंत.

“स्वस्त टायमालेच बंद ठेवतेत,” त्या म्हणाल्या, “त्याचे पैसे कोण देते, ते लिहा.”